दुपारीही आराम

मराठी मध्यमवर्गाला आराम करता येत नाही असं नाही. फक्त त्याला कारण लागतं. ताप हवा, पाय मोडलेला हवा, निदान रविवार आणि वर पोटभर आमरस तरी हवा. धडधाकट माणसानं भर मंगळवारी पैसे भरून गरम पाण्यात नुसतं बसून राहायचं, हे आमच्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नाही. त्यामुळे साडूंच्या मुलीनं बुडापेस्टहून फोन करून जाहीर केलं, "या वेळी तुम्हा चौघांना एगेरला नेणार. पळापळ नाही, यादी नाही, नुसता आराम," तेव्हा फोनच्या या बाजूला बराच वेळ कुणी बोलेना.

"आणि दुपारी?" शेवटी माझ्या बायकोनं विचारलं.

"दुपारीही आराम, मावशी."

"अगंबाई!"

एगेर हे हंगेरीच्या ईशान्येकडचं, पन्नासेक हजार वस्तीचं जुनं गाव. तिथं जमिनीतून गरम पाणी येतं आणि टेकड्यांवरून वाइन येते. ही दोन कारणं जगाला पुरतात. आमच्या साडूंना पुरली नाहीत. साडू बँकेतून निवृत्त झाले तेव्हापासून शनिवार-रविवार किल्ले करतात आणि सोमवार ते शुक्रवार त्यांच्याबद्दल बोलतात. नकाशा मोठा करून बघताना त्यांना गावाच्या ऐन मध्यात एक किल्ला सापडला आणि आमच्या आरामाचा निकाल तिथंच लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेळापत्रक पाठवलं. त्यात 'सकाळी ७.३० ते ८.०० आराम (चहासह)', 'दुपारी २.०० ते २.२० आराम (ऐच्छिक)' अशा नोंदी होत्या. बाकी सगळा किल्ला होता.

बुडापेस्टच्या केलेती स्टेशनवरून आगगाडीनं दोनेक तास लागतात. डबा उघडेपर्यंत गाव आलं. उतरून बघतो तर पिवळ्या, गुलाबी रंगाच्या जुन्या इमारती, दगडी फरसबंदी आणि हातात आइस्क्रीम घेऊन अतिशय हळू चालणारी माणसं. कुणालाच कुठे पोचायचं नव्हतं. रहदारीच्या भाषेत सांगायचं तर गावभर कोंडी होती, पण हॉर्न नव्हता. आम्ही चौघं मात्र सवयीनं वाट काढत, माणसं ओलांडत, झपाझप चौकापर्यंत गेलो. तिथं पोचल्यावर कळलं की पोचायचं हे एवढंच होतं. मग परत फिरून भाचीची वाट बघत उभे राहिलो. ती आइस्क्रीम खात येत होती.

पहिला कार्यक्रम हमामाचा. तुर्कांनी हे गाव १५९६ साली घेतलं आणि १६८७ पर्यंत ठेवलं. ९१ वर्षांत त्यांनी इथे जे काही बांधलं, त्यातलं १६१० ते १६१७ या काळातलं स्नानगृह अजून चालू आहे. वर घुमट, खाली गरम पाणी. "सात वर्षांत काम पूर्ण, आणि चारशे वर्षांनी चालू," ही ओळ साडूंनी दोनदा वाचली. मग आपल्या गल्लीतल्या रस्त्याची आठवण होऊन ते काही वेळ गप्प राहिले.

कपडे बदलायच्या खोलीत मनगटावर एक रबरी पट्टा मिळतो. तो कपाटाला टेकवला की कपाट बंद, पुन्हा टेकवला की उघडं. साडूंनी कपडे, पाकीट, बूट आणि सगळ्यात शेवटी चष्मा आत ठेवून कपाट लावलं. टॉवेलही आतच राहिलाय हे नंतर ध्यानात आलं. आता कपाट कुठलं? आकडा पट्ट्यावर बारीक अक्षरांत होता आणि तो वाचायला लागणारा चष्मा कपाटात होता. माझाही चष्मा माझ्या कपाटात. तेव्हा साठी उलटलेले दोन गृहस्थ चड्डीवर रांगेनं कपाटांना मनगट टेकवत चालले आहेत, असं दृश्य तिथं बराच वेळ सुरू होतं. एका अवाढव्य हंगेरियन माणसाला दया आली. त्यानं साडूंचं मनगट धरलं, आकडा डोळ्यांजवळ नेला आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवला. हंगेरियनमध्ये. आम्ही दोघांनी मनापासून मान डोलावली आणि पुढच्या कपाटाला मनगट टेकवलं. मग त्यानं साडूंना खांद्याला धरून नेमक्या कपाटासमोर उभं केलं आणि तो काही न बोलता निघून गेला. आराम करणाऱ्या माणसाच्या अंगी एवढी सहनशक्ती येत असेल तर आराम वाईट नाही, असं मला तेव्हा प्रथम वाटलं.

(बायकांचे पोहण्याचे पोशाख, त्यांची दादरमधली खरेदी आणि त्यावरून झालेली चर्चा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तो लिहिला तर मला घरात राहता येणार नाही.)

पाण्यात उतरलो. पाणी छान कोमट होतं. पण पुढे काय करायचं ते कळेना. आपल्याकडे आंघोळ म्हणजे बादली, तांब्या, साबण आणि दारावर थाप. दहा मिनिटांत माणूस बाहेर. इथे साबण नाही, तांब्या नाही, थापही नाही. आजूबाजूला हनुवटीपर्यंत बुडालेल्या हंगेरियन आज्या डोळे मिटून बसलेल्या. मधूनच एखादी दोन शब्द बोलायची, दुसरी पाच मिनिटांनी त्याला उत्तर द्यायची.

"म्हणजे खोलीवर जाऊन परत आंघोळ करायची का?" बायकोनं विचारलं.

"मावशी, ही आंघोळ नाही. भिजायचं फक्त. या पाण्यात थोडा रेडॉन असतो, सांध्यांना चांगला म्हणतात."

"रेडॉन म्हणजे?"

"किरणोत्सारी वायू," साडू ज्ञान वाटायची संधी सोडत नाहीत. मेहुणी ताबडतोब दोन पायऱ्या वर चढून बसली. फक्त पावलं पाण्यात. दुखणारे गुडघे बाहेर.

मी डोळे मिटून पाहिले. मिटल्याबरोबर गॅसचा कॉक दिसला. बंद केलाय की नाही? नंतर सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा वाद, मग विम्याचा हप्ता, मग पुन्हा गॅस. डोळे उघडे असताना मी बराच निवांत होतो. साडूंनी दुसरा मार्ग काढला. त्यांनी हौदाच्या कडेकडेनं चालायला आणि फेऱ्या मोजायला सुरुवात केली. "नुसतं बसण्यापेक्षा व्यायाम होतो," असं ते प्रत्येक फेरीला म्हणायचे. आज्यांनी पाय जवळ घेऊन त्यांना वाट दिली. थोड्या वेळानं मी उठायला लागलो तर बायको म्हणाली, "किती झाली? भाची म्हणाली वीस मिनिटं बसतात. मग वीस बसा. पैसे भरलेत." तेव्हा आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उरलेला आराम पुरा केला.

दुसऱ्या दिवशी किल्ला. इथे मात्र साडूंना शोभून दिसेल असा इतिहास होता. १५५२ च्या शरद ऋतूत तुर्कांच्या फौजेनं किल्ल्याला वेढा घातला. आत बायका-मुलं धरून दोनेक हजार माणसं आणि बाहेर पस्तीस-चाळीस हजारांची फौज. किल्लेदार दोबो इश्तवान. (हंगेरीत आडनाव आधी सांगतात. आपल्या शाळेतली हजेरी आठवून बरं वाटलं.) बोर्नेमिस्सा नावाच्या त्याच्या दारूगोळ्याच्या वस्तादानं गिरणीचं चाक दारूनं ठासून भरलं आणि पेटवून शत्रूवर सोडलं. बायकांनी तटावरून उकळतं डांबर ओतलं. पाच आठवड्यांहून जास्त लढाई झाली, थंडी पडायला लागली आणि तुर्क निघून गेले. या वेढ्यावर गार्दोन्यी गेझा यांनी लिहिलेली कादंबरी १९०१ मध्ये पुस्तकरूपानं आली. ती हंगेरीतल्या पोरांना शाळेत वाचावीच लागते. किल्ल्यात आम्ही गेलो तेव्हा अशाच एका शाळेची सहल आली होती. पोरं तोफेवर चढत होती, बाई ओरडत होत्या. एकूण सगळं ओळखीचं होतं.

साडू मात्र परीक्षकाच्या भूमिकेत होते. "बुरूज बरे आहेत. चढ काहीच नाही. पाण्याचं टाकं कुठंय? चोरदिंडी?" किल्ल्यात कॉफीचं दुकान आहे हे बघून त्यांना वाईट वाटलं, पण कॉफी त्यांनी घेतली. भाचीनं पुढची गोष्ट सांगितली. १५९६ मध्ये तुर्क परत आले तेव्हा किल्ल्यात बहुतेक भाडोत्री परदेशी शिपाई होते आणि त्यांनीच शरणागती पत्करली.

"भाडोत्री!" साडूंनी मांडीवर थाप मारली. "मी म्हटलंच होतं."

"बाबा, तुम्ही कधी म्हटलं होतं?"

"नेहमीच म्हणतो."

किल्ल्यावरून उतरल्यावर खरं तर 'ऐच्छिक आराम' होता. पण वाटेत मिनार लागला. तुर्कांची मशीद एकोणिसाव्या शतकात पाडली गेली. मिनार तेवढा राहिला आहे, चाळीस मीटर उंच आणि एकटा. तुर्कांनी युरोपात मागे ठेवलेल्या मिनारांत हा अगदी उत्तरेकडचा. तुर्क गेल्यावर तो ओढून पाडायला चारशे बैल जुंपले होते, तरी हलला नाही, अशी गावात दंतकथा आहे. "चारशे बैलांना जमलं नाही ते..." असं काहीतरी म्हणत साडू तिकिटाच्या खिडकीकडे गेले. "त्यांना एकटं सोडू नका," असं म्हणून बायकोनं मला मागे पाठवलं.

आत ९७ पायऱ्या आहेत. जिना गोल, दगडी आणि इतका अरुंद की पोट आत घेतल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. साडूंना पोट आत घ्यायची सवय फक्त फोटोपुरती. मध्यावर गेलो तर वरून एक जर्मन जोडपं उतरत आलेलं. आता मागे कुणी जायचं? ते दोघं म्हणाले, आपण सभ्य माणसं आहोत, तुम्ही या. आम्ही म्हणालो, नाही नाही, तुम्ही या. सभ्यतेच्या या झटापटीत आमच्या पाठीमागे इटलीहून आलेलं एक कुटुंब येऊन थांबलं आणि ते जोरजोरात बोलायला लागलं. शेवटी सगळे उलटे उलटे खाली आलो, जर्मन बाहेर पडले आणि आम्ही पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. वरचा सज्जा एका माणसाच्या रुंदीचा. संपूर्ण गाव, लाल कौलं, बॅसिलिकाचे मनोरे, लांबच्या टेकड्यांवरच्या द्राक्षबागा दिसत होत्या. साडू भिंतीला पाठ लावून दोन्ही तळवे दगडावर टेकवून उभे होते. "फारच छान," ते म्हणाले, डोळे मिटून. अख्ख्या सहलीत त्यांचे डोळे शांतपणे मिटलेले मी तिथेच पाहिले.

त्या दिवशी जेवायला सूप आलं ते थंड, गुलाबी आणि आंबट चेरींचं. "गोड आधी आणलंय," असं म्हणून मेहुणीनं ते शेवटी खायला बाजूला ठेवलं आणि वेटरनं तीनदा येऊन ते न्यायला बघितलं. इथले भाव फोरिंटमध्ये हजारांनी असतात. सूप बाराशे, भाजी तीन हजार. साधारण चारानं भागलं की रुपये. बायको प्रत्येक घासागणिक भागाकार करत होती आणि उत्तर आलं की चमचा खाली ठेवत होती. मी बिअरचा ग्लास उचलून साडूंच्या ग्लासला भिडवला तेवढ्यात भाचीनं माझा हात धरला. १८४९ मध्ये हंगेरीचं बंड मोडल्यावर ऑस्ट्रियानं तेरा सेनानींना मारलं आणि त्या वेळी अधिकाऱ्यांनी बिअरचे ग्लास भिडवले, असं सांगतात. तेव्हा लोकांनी शपथ घेतली, दीडशे वर्षं बिअरचे ग्लास भिडवायचे नाहीत.

"म्हणजे १९९९ ला मुदत संपली," साडूंनी बँकेच्या सवयीनं हिशेब केला.

"संपली. पण बरेच जण अजून पाळतात."

मुदत संपलेली गोष्टही लोक पाळतात हे ऐकून साडूंना भरून आलं. बँकेत त्यांच्या नोकरीत हे कधी झालं नव्हतं.

आता लिसेउमची गोष्ट सांगायलाच हवी. अठराव्या शतकात इथले बिशप एस्तरहाझी कारोय यांना गावात विद्यापीठ काढायचं होतं. राजदरबारची परवानगी काही मिळाली नाही. पण तोवर इमारत झाली होती, ग्रंथालय झालं होतं आणि वर वेधशाळेचा मनोराही. परवानगी नसली तरी इमारत उभी, हा भाग आम्हाला समजावून सांगावा लागला नाही. मनोऱ्याच्या अगदी वर एक अंधारी खोली आहे. छतात भिंग आणि आरसा, खाली पांढरं गोल टेबल. बाहेरचं गाव त्या टेबलावर उमटतं. चित्र नव्हे, चालतंबोलतं गाव. गाड्या सरकतात, झाडं हलतात, माणसं मुंग्यांएवढी इकडून तिकडे जातात. विजेशिवाय चालणारा हा सीसीटीव्ही अडीचशे वर्षांपासून तिथं आहे, हे आम्हा दोघा पुरुषांना कुणी आधी सांगितलं नव्हतं.

"पाय दुखतायत, तुम्ही जाऊन या," असं म्हणून मी आणि साडू समोरच्या चौकात बाकावर बसलो. समोर बॅसिलिकाचे उंच पिवळे खांब. जवळच एक पोरगी लाकडी दांड्यावर पिठाची पट्टी गुंडाळून निखाऱ्यावर फिरवत होती. खरपूस तांबूस झाली की साखरेत लोळवायची आणि दांड्यावरून अलगद ओढून काढायची. पोकळ, लांब, वाफाळती नळी. साडूंची साखर जेवणाआधी एकशे साठ असते, जेवणानंतर ते मोजत नाहीत.

"अर्धी अर्धी घेऊ," मी म्हटलं.

"अर्धी देत नाहीत वाटतं," साडू म्हणाले. विचारलं मात्र नाही. दोन घेतल्या.

पुढचं मला नंतर कळलं. वर अंधारात एका माणसानं दांडी फिरवून भिंग आमच्या चौकाकडे वळवलं. पाहुण्यांना गंमत म्हणून तो एक पांढरा कागद टेबलावर धरून चालत्या माणसांना त्यावर उचलून घेतो. त्यानं बाकाखाली कागद सरकवला आणि बाक उचलला. बाकावर दोन माणसं. एकाची टोपी आमच्या गिरिभ्रमण मंडळाची.

"अगं, हे आपलेच!" बायको ओरडली.

"आणि हे खातायत काय?" मेहुणी टेबलावर वाकली. तिनं म्हणे साडूंवर बोट ठेवलं. साडू तिच्या बोटावर खात राहिले. शेजारच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

इकडे आम्ही पुरावा नष्ट करून, हात पुसून, बॅसिलिकाच्या स्थापत्यावर बोलत बसलो होतो. त्या खाली आल्या.

"काय खाल्लंत?"

"काही नाही. बसलो होतो. आराम."

"मिशीवर काय आहे?"

साडूंनी मिशीवरून जीभ फिरवली. तो कबुलीजबाबच होता.

शेवटच्या संध्याकाळी सेपअसोन्य-वोल्ज. गावाबाहेरचं हे खोरं, सुंदर स्त्रीच्या नावाचं. तिथं चौकातून एक झुकझुक करणारी छोटी गाडी जाते, रस्त्यावरूनच. मऊ दगडात कोरलेल्या तळघरांची ओळ, प्रत्येक दारात बाकं आणि आत पिंपं. आत गेलं की गारवा अंगावर येतो आणि भिंतींवर काळी, मखमली बुरशी दिसते. बायकोला ती खरवडून काढावीशी वाटत होती. ती तिथं मुद्दाम ठेवतात, तळघराला चांगली असते, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

आम्ही दोघं 'घेत नाही'. म्हणजे लग्नकार्यात घेत नाही, ओळखीचे असले तर घेत नाही, आणि घरी असताना औषधापुरतं. २०२२ मध्ये आपल्याकडे मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायची की नाही यावरून केवढं रण माजलं होतं! त्या वेळी साडू विरोधात होते. इथे तळघराचे म्हातारे मालक काचेची लांब फुगीर नळी पिंपात बुडवायचे, वरचं तोंड अंगठ्यानं दाबून धरायचे आणि ग्लासावर आणून अंगठा उचलायचे. लालभडक धार बरोब्बर ग्लासात. ते बघून साडू म्हणाले, "ही पारंपरिक पद्धत आहे. बघितलीच पाहिजे." आणि ग्लास पुढे केला.

लाल वाइनचं नाव एग्री बिकावेर, म्हणजे एगेरचं बैलाचं रक्त. वेढ्यात दोबोनं शिपायांना ती पाजली, दाढ्या लाल झाल्या, आणि हे लोक बैलाचं रक्त पिऊन लढतात असं वाटून तुर्क घाबरले, अशी गोष्ट. साडूंनी ती सबंध तळघराला मराठीत, हातवारे करून सांगितली. दोन पोलिश पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या.

"बाबा, ती नंतरची गोष्ट आहे," भाची म्हणाली. "वेढ्याच्या काळात इथे मुख्यतः पांढरी वाइन व्हायची. लाल द्राक्षं तुर्कांपुढून पळालेल्या सर्ब लोकांबरोबर नंतर आली, असं मानतात."

साडूंचा ग्लास तोंडापर्यंत जाऊन थांबला. गडाच्या गोष्टीला कुणी हात लावला की ते असे थांबतात. "त्यांना विचार," त्यांनी म्हाताऱ्यांकडे बोट दाखवलं. "इथले आहेत ना ते? त्यांना माहीत असणार."

भाचीनं विचारलं. म्हाताऱ्यांनी नळी पुसली, आमच्याकडे बघितलं आणि दोन वाक्यं बोलले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तेव्हा पांढरीच होती. पण गोष्ट लाल वाइनचीच खपते."

साडूंनी बराच विचार केला. असा विचार ते एरवी फक्त मुदत ठेवीच्या व्याजदरावर करतात. मग म्हणाले, "दोन्ही द्यायला सांग. एक लिटर खऱ्या इतिहासाची, एक लिटर गोष्टीची."

म्हातारे प्लास्टिकच्या बाटल्या भरायला वळले. बायकोनं पिशवीतून चष्मा काढून पाटीवरचे भाव चारानं भागायला घेतले. मेहुणीनं काही न बोलता पर्समधून साखर तपासायचं यंत्र बाहेर काढलं आणि बाकावर, दोन ग्लासांच्या बरोब्बर मध्ये ठेवलं.

"बोट द्या," ती म्हणाली.